दारापासून दारापर्यंत

मुंबईहून लंडन किती लांब, असें एके काळीं विचारलें असतां लोक आगबोटीचे आठवडे सांगत. आज तास सांगतात. 'नऊ तासांचा तर प्रवास!' हें वाक्य, ज्यांचीं मुलें विलायतेंत आहेत अशा घरीं आम्ही वारंवार ऐकतों. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आणि अपुऱ्या गणितावर घरांतील निर्णय ठेवणें बरें नव्हे.

या दोन नगरांमधील सरळ हवाई अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. सरळ म्हणजे भिंतीवरील नकाशावर पट्टीनें ओढलेली रेघ नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोन गांवांमध्यें दोरा ताणून धरावा; तो घेईल ती वाट सर्वांत जवळची. विमानाला मात्र तंतोतंत त्या दोऱ्यावरून जातां येत नाहीं. राष्ट्रांच्या कलहामुळें कांहीं आकाश बंद असतें, तें टाळून वळसा घ्यावा लागतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. म्हणून जातांना सुमारें दहा तास लागतात, तर येतांना वारा पाठीशीं असल्यामुळें नऊ. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' विमान या मार्गावर प्रथम निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आतां मध्यें कोठें उतरावें लागत नाहीं, ही प्रगति थोरच होय.

परंतु हे तास धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचे. कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पकाचा प्रवास वर्णिला आहे; रामाला तीन तास आधीं येऊन रांगेंत उभें राहावें लागलें नाहीं. आपल्याला लागतें.

चार वर्षांपूर्वीं पौषांत आमचे थोरले बंधु पुण्यास पहाटे पांच वाजतां निवर्तले. त्यांचा ज्येष्ठ मुलगा लंडनला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, नऊ तासच ना? तो येईपर्यंत थांबूं या." सर्वांनीं माना डोलावल्या. आम्हीं कागद घेतला. लंडनला तेव्हां आदल्या रात्रीचे साडेअकरा झाले होते. रात्रीचें विमान गेलेलें. जागा मिळाली ती सकाळीं दहाच्या विमानांत, म्हणजे आपल्याकडील दुपारचे साडेतीन. पुढें नऊ तास धरून रात्रीचे साडेबारा. मुंबईस तपासणी व सामान यांचे दोन तास. पुण्यापर्यंत मोटारीचे चार. बेरीज दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसहा, म्हणजे एकूण साडेपंचवीस तास.

वहिनींनीं कागद पाहिला. कांहीं वेळ त्या देवघराकडे पाहत बसल्या, आणि म्हणाल्या, "मग धाकट्याला अग्नि देऊं द्या. थोरल्याला कळवा, धीरानें ये. अस्थिसंचयास तूं आहेस." तसेंच झालें. वडिलांचें मुख दिसलें नाहीं, हें दुःख थोरल्यास राहिलेंच. पण निर्णय आईनें स्वतः, सर्व समजून केला होता; म्हणून भावाभावांत सल उरला नाहीं.

ज्यांचीं मुलें दूर आहेत त्यांनीं हें गणित एखाद्या निवांत दिवशीं, सर्व मंडळी बसली असतां करून ठेवावें. लंडनचें घड्याळ आपल्या मागें हिवाळ्यांत साडेपांच तास व उन्हाळ्यांत साडेचार तास असतें, हेंही त्यांत लिहावें. प्रसंग आल्यावर कोणाची वाट किती पाहावयाची, हें वडीलधाऱ्यांना त्यांच्या हयातींतच विचारावें. विचारण्यास जड वाटतें खरें. पण त्या पहाटे विचारण्यापेक्षां तें पुष्कळ सोपें आहे.