अब्बांचा कॉम्प्युटर अजून किती वर्षं?

आमच्या साताऱ्याच्या घरात पोटमाळ्यावर एक काळी पेटी होती. तिच्यात एक की-बोर्ड, एक एलिमिनेटर, एक वायर आणि एक कॅसेट. अम्मी तिला 'अब्बांचा कॉम्प्युटर' म्हणायची. अब्बांचा इंतकाल २०११ मध्ये झाला, त्यानंतर अकरा वर्षं ती पेटी कोणी उघडली नाही. धाकटा भाऊ पुण्याहून आला की म्हणायचा, "भाईजान, असल्या जुन्या मशीन जमवणारे लोक आहेत. चांगले पैसे देतील. नाहीतर शोकेसमध्ये ठेव. चालू होणार नाहीच ते."

चालू होणार नाहीच, हे त्याला कसं कळलं? मलाही कळत नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे समजलं ते इथे लिहितो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर उपयोगी पडेल.

अब्बा हायस्कुलात गणित शिकवायचे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्प काढला, देशातल्या २५० शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले. अब्बांची शाळा त्यांत नव्हती. पण डोक्यात किडा शिरला तो शिरला. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने इंग्लंडमधल्या सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात आणला, आणि अब्बा एका रविवारी एसटीने पुण्याला जाऊन तो घेऊन आले. अम्मी दोन महिने त्यांच्याशी नीट बोलली नाही. त्या पैशांत घराचा पत्रा बदलायचा होता.

स्पेक्ट्रमला वेगळा पडदा नसतो, तो टीव्हीला जोडायचा. डिस्कही नसते, प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर ठेवायचा. मेमरी ४८ केबी. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या पन्नासपट मोठा भरेल. या ४८ केबीत अब्बांनी एक काम केलं, रमजानचं वेळापत्रक.

त्या वेळी आमच्या मोहल्ल्यात मोठ्या शहरात छापलेला तक्ता यायचा आणि त्यात अंदाजाने चार-पाच मिनिटं कमी-जास्त करायची रीत होती. पण सूर्य अंदाजाने मावळत नाही. एक रेखांश पूर्वेला गेलं की सूर्यास्त चार मिनिटं आधी होतो. मुंबईपेक्षा सातारा सव्वा अंशाच्या आसपास पूर्वेला, सांगली त्याच्याही पुढे अर्ध्या अंशाहून जास्त. शिवाय अक्षांशाचा फरक ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून सातारा आणि सांगली यांच्या इफ्तारमध्ये जूनमध्ये जवळपास चार मिनिटांचा फरक पडतो आणि डिसेंबरमध्ये मिनिटभरही नाही. 'अमुक मिनिटं वजा करा' हा सरसकट हिशेब वर्षभर कसा चालेल? अब्बांनी हे गणित बेसिकमध्ये लिहिलं आणि दोन्ही गावांचा तक्ता काढला.

मशिदीतले बुजुर्ग हसले. एक म्हणाले, "मास्तर, आता टीव्हीत बघून रोजा सोडायचा काय?" त्यांचं म्हणणं, डोळ्याला सूर्य दिसतोय की. पण साताऱ्यात तोच तर घोळ आहे. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, सूर्य मावळण्याआधीच त्याच्याआड जातो. डोंगराआड गेला म्हणजे मावळला नव्हे. मग अब्बांनी सांगलीच्या मामूंना पत्र टाकलं. मामूंचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं आणि सांगलीला मैदान सपाट. मामूंनी आकाशवाणीवर घड्याळ लावून आठवडाभर गच्चीवरून सूर्य पाहिला आणि पोस्टकार्डावर वेळा कळवल्या. तक्त्याशी मिनिटभराचाही फरक नव्हता. १९८९ चा रमजान एप्रिलमध्ये आला, तेव्हा अब्बांचा सायक्लोस्टाइल केलेला तक्ता मशिदीच्या भिंतीवर लागला. नंतर बरीच वर्षं लागत राहिला.

प्रोग्रामच्या दोन कॅसेट होत्या. एक आमच्याकडे, एक मामूंकडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मामूंच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यांची कॅसेट गेली. उरली आमची एकच.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३३ वर्षांनी त्याच जागी येतो. २०२२ मध्ये पहिला रोजा ३ एप्रिलला होता. मार्चमध्ये अम्मी सहज म्हणाली, "तुझ्या अब्बांनी पहिला तक्ता लावला तेव्हाही असाच उन्हाळा होता." दुसऱ्या दिवशी मी पेटी खाली काढली आणि कराड, इस्लामपूर करत सांगली गाठली.

मामू तेव्हा बहात्तर वर्षांचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पेटी उघडली. मी एलिमिनेटर प्लगमध्ये घालायला गेलो तर हातावर चापट मारली. "कायकी घाई है रे? पहले आवाज उतार ले, मशीन बाद में देखते."

आवाज म्हणजे कॅसेट. मशीन पुन्हा उभी करता येते, कॅसेटमधलं पुसलं की पुसलं. टेपच्या मागे नमद्याचा एक छोटा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. तो गळून पडला होता. कडेला बुरशीचे पांढरे ठिपके होते. मामूंनी दोन्ही चकत्या स्क्रूवाल्या नव्या कॅसेटमध्ये बसवल्या, टेप कापसाने पुसली, टेपरेकॉर्डरचा बेल्ट बदलला आणि मग लॅपटॉपला वायर जोडून प्ले दाबलं.

आधी खरखर आली, मग अब्बांचा आवाज. "बिस्मिल्लाह. सातारा-सांगली वेळापत्रक. दुसरी प्रत." थोडा खाकरण्याचा आवाज, आणि मग ती कर्कश शिट्टी सुरू झाली.

कॅसेटवर कुठला प्रोग्राम कुठे आहे हे कळावं म्हणून त्या काळी लोक आधी तोंडाने नाव सांगून ठेवत. त्यात विशेष काही नव्हतं. पण आमच्या घरी अब्बांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. लग्नाची व्हिडिओ कॅसेट कधीच खराब झाली होती. अकरा वर्षांनी मी तो आवाज ऐकला. मामूंनी टेप थांबवली नाही, शेवटपर्यंत जाऊ दिली. मग म्हणाले, "अब दुबारा मत बजा इसकू. जो आया वो रख ले, अमानत है."

मग मशीनची पाळी. एलिमिनेटरची वायर तडकली होती, मामूंनी तो बाजूलाच ठेवला. नवा लावतानाही सावधगिरी. आपल्याकडच्या बहुतेक एलिमिनेटरमध्ये मधली पिन अधिक असते, स्पेक्ट्रमला मधली उणे लागते. उलट लावला तर सगळं संपलं. आतले कंडेन्सर त्यांनी सरसकट बदलले. या गोळीएवढ्या डब्यांत ओलसर द्रव असतो, तो वर्षांनुवर्षं वाळत जातो. दहा अंशांनी गरम ठेवले तर आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आमचा कॉम्प्युटर इतकी वर्षं पत्र्याखाली होता. तरी त्यात कंपनीचा दोष नाही. या वयाच्या कुठल्याही मशीनचं हेच होतं.

बाकीच्या भागांचं मामूंनी जसं सांगितलं तसं लिहितो. झेड-८० हा मुख्य आयसी सहसा मरत नाही. मूळ सूचना ज्या रॉममध्ये आहेत ती कारखान्यातच कायमची कोरलेली असते, तिलाही धोका कमी. खालच्या १६ केबी मेमरीचे आठ आयसी मात्र नाजूक. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, त्यातलं उणे पाच गेलं की ते जळतात. की-बोर्डखाली प्लास्टिकची पातळ पट्टी असते, ती पापडासारखी मोडते. आमची मोडलीच. पण तशा पट्ट्या आजही परदेशात नव्याने बनवून विकतात. आम्ही दोन मागवल्या. नव्या टीव्हीला जुना सिग्नल कळत नाही, म्हणून मामूंनी आतून सरळ व्हिडिओची वायर बाहेर काढली.

पट्ट्या आल्यावर, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, मी पुन्हा सांगलीला गेलो. बटन दाबलं आणि पडद्याच्या तळाशी सिंक्लेअरचं नाव आणि १९८२ हा आकडा उमटला. लॅपटॉपवरून शिट्टी वाजवली. पहिल्यांदा 'टेप लोडिंग एरर'. आवाज थोडा वाढवला, दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या शेवटपर्यंत धावल्या आणि तक्ता आला. ८ एप्रिल, सातारा, मगरीब ६:४८. सांगली ६:४६. मामूंनी मोबाईलवर पाहिलं. तेच.

तर मग किती वर्षं? जगात याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सच्या १९ शाळांचं हीटिंग १९८० च्या दशकातला एक अमिगा कॉम्प्युटर २०१५ पर्यंत सांभाळत होता. पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या एका गॅरेजमध्ये कमोडोर ६४ पंचवीस वर्षांहून जास्त काळ राबला. दोन्ही मशीन रोज कामात होत्या, त्यामुळे बिघाड झाला की लगेच कळायचा आणि कोणीतरी दुरुस्त करायचं. माळ्यावरची मशीन मुकाट्याने मरते.

मिरजेत हे मला जास्त नीट समजलं. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारं घडवायचं सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. मामूंचे एक दोस्त त्याच गल्लीत काम करतात. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचा एक तानपुरा जवारी काढायला आला होता. तारा किती वेळा बदलल्या, खुंट्या किती, याचा हिशेब नाही. मी विचारलं, अजून किती वर्षं चालेल? ते म्हणाले, "जवारी काढणारा आहे तोवर."

कॉम्प्युटरचंही तसंच असेल, पण एक फरक आहे. तानपुऱ्याचा भोपळा पुन्हा पिकतो, लाकूड पुन्हा मिळतं. १९७६ पासून बनणारा झेड-८० बंद करत असल्याचं झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. जुने आयसी अजून बरीच वर्षं मिळत राहतील, पण मोजकेच. मामूंच्या दुकानात आता मोबाईलचे कव्हर विकतात. त्यांच्या मुलाने सोल्डर कधी हातात धरला नाही, आणि मीही धरला नव्हता.

भावाला मी सगळं सांगितलं. आवाजाची फाईल पाठवली तेव्हा त्याचा फोन आला, पण बराच वेळ तो बोललाच नाही. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. फाईल आता आम्हा दोघांकडे, मामूंकडे आणि अम्मीच्या मोबाईलमध्ये आहे. प्रोग्राम लॅपटॉपवरही चालतो, त्याला आता ती मशीन लागत नाही. तरी महिन्यातून एकदा मी ती अर्धा तास चालू ठेवतो. पेटी माळ्यावरून खाली, कपाटात आली आहे.

तुमच्याकडे अशी मशीन असेल तर उत्साहात प्लग लावू नका. आधी कॅसेट किंवा फ्लॉपी उतरवून घ्या, मग जाणत्या माणसाला दाखवा, आणि तो काम करत असताना शेजारी बसा. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला चार दिवस राहिलो. मामूंनी एक जुना रेडिओ समोर ठेवला आणि त्यातला एक कंडेन्सर काढून दुसरा बसवायला सांगितला. पहिल्या दिवशी बोट भाजलं. चौथ्या दिवशी रेडिओ लागला, सांगली केंद्र, थोडं खरखरत.