पोलादाच्या गावातली कलेची ऑफिसं

भिलाई म्हटलं की डोळ्यांसमोर येतात उंच धुराडी, लालभडक भट्ट्या आणि आगगाडीचे रूळ. शाळेच्या भूगोलात आपण तेवढंच पाठ केलेलं असतं. पण छत्तीसगढची सहल ठरवत असाल, तर एक दिवस या गावासाठी राखून ठेवा. कारखाना बघायला नव्हे, इथली माणसं काम कसं करतात ते बघायला!

नागपूरहून गाडीत बसलात की गोंदिया, राजनांदगाव करत साडेतीन-चार तासांत दुर्ग येतं. पुण्याची आझाद हिंद एक्सप्रेस आणि मुंबईची गीतांजली, दोन्ही इथूनच जातात. दुर्ग जुनं, १९०६ पासून जिल्ह्याचं ठिकाण. भिलाई नवं, कारखान्याबरोबर जन्मलेलं. दोन्ही गावं आता इतकी चिकटली आहेत की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते रिक्षावाल्यालाच विचारावं. याच जुळ्या शहरात पद्मनाभपूर नावाची वस्ती आहे. पत्त्यात कुणी तिच्यापुढे दुर्ग लिहितं, कुणी भिलाई.

घराच्या खाली ऑफिस

मुंबई-पुण्यात 'क्रिएटिव्ह एजन्सी' म्हटलं की काचेची इमारत आणि कॉफीचं मशीन आठवतं. दुर्ग-भिलाईसारख्या शहरात चित्र वेगळं असतं. पाटी लहान, जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी राहत्या घराचा तळमजला. आत चार-सहा कॉम्प्युटर, एक कॅमेरा, एक ड्रोन आणि सात-आठ तरुण मुलंमुली. कामं कसली? कोचिंग क्लासचे फलक, दवाखान्याची माहितीपत्रकं, लग्नाच्या पत्रिका, मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ, दुर्गापूजेच्या मंडपाची जाहिरात. निवडणुका आल्या की रात्री जागवणारी कामं.

अशा ऑफिसात 'सर-मॅडम' फारसं चालत नाही. मोठ्याला 'भैया', मोठीला 'दीदी'. भूक लागली की कुणाच्या तरी घरचा चीला किंवा फरा येतो. तांदळाच्या पिठाचे हे पदार्थ म्हणजे आपल्या धिरड्या-उकडीचे भाऊबंद. हिशेब हिंदीत, थट्टा छत्तीसगढीत, आणि सॉफ्टवेअरची नावं इंग्रजीत.

हे सगळं नवं वाटतं ना? पण कलेला कामाची जागा देण्याची रीत या गावाला जुनी आहे. तिचे तीन नमुने इथे आसपासच सापडतात.

पहिला नमुना : कारखाना

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन. देशभरातून माणसं कामाला आली. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, बिहारी आणि आपली मराठीही. त्यांच्यासाठी सेक्टर आखले गेले, शाळा, दवाखाने, मैदानं बांधली गेली. १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून मैत्रीबाग उभी राहिली. पांढऱ्या वाघांसाठी मुलं आजही तिथे हट्ट धरतात. आपण ज्या रुळांवरून भिलाईला येतो तेही बहुधा इथलेच असतात, कारण भारतीय रेल्वेला लांब रूळ पुरवणारा हा मोठा कारखाना. इथे १३० मीटर लांबीचा सलग रूळ तयार होतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा होतो.

पण या कारखान्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पोलादाची नाही. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई इथे नोकरीला होत्या! भिलाईजवळच्या गनियारी गावच्या त्या. पंडवानी म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन, अभिनय करून सांगणं, थोडंसं आपल्या कीर्तनासारखं. बायकांनी ती बसून गावी असा रिवाज होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचं धनुष्य. तेरा वर्षांच्या असताना चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला, बिदागी मिळाली दहा रुपये. समाजाने वाळीत टाकलं तेव्हा वेगळ्या झोपडीत राहिल्या, पण गाणं सोडलं नाही. पुढे २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

पंथी नृत्य देशोदेशी नेणारे देवदास बंजारे हेही याच कारखान्यात कामाला होते. महिन्याचा पगार, डोक्यावर छप्पर, मुलांना शाळा आणि कार्यक्रमासाठी मोकळीक. कलावंताला आणखी काय हवं असतं? टाळ्यांनी पोट भरत नाही, हे ज्याच्या घरात कुणी तबला किंवा कुंचला धरला आहे त्याला सांगावं लागत नाही.

दुसरा नमुना : बघेऱ्याचे दाऊजी

दुर्गला लागूनच बघेरा आहे. तिथले दाऊ रामचंद्र देशमुख. आडनाव ऐकून आपल्याला मराठी वाटतील, पण इथल्या छत्तीसगढी शेतकरी घरांतही हे आडनाव आहे. 'दाऊ' म्हणजे गावातला मोठा जमीनदार शेतकरी, मानाने घेतलं जाणारं नाव.

दाऊजींनी १९७१ मध्ये 'चंदैनी गोंदा' हा कार्यक्रम उभा केला. शेतकऱ्याच्या आयुष्याची गोष्ट, गाण्यांतून आणि नाट्यातून सांगितलेली. गावोगावचे गायक, वादक, नट शोधून आणले. कवी लक्ष्मण मस्तुरिया, संगीतकार खुमानलाल साव अशी माणसं एकत्र आली. रात्रभर चालणारा हा खेळ बघायला बैलगाड्या भरून लोक येत. आजच्या भाषेत बोलायचं तर लेखन, संगीत, मंच, प्रकाश, वेशभूषा, सगळं एका छपराखाली करणारी ती एजन्सीच होती! फरक इतकाच, की ग्राहक कुणी कंपनी नव्हती. ग्राहक होता छत्तीसगढचा शेतकरी, आणि विकायचं काहीच नव्हतं. आपली बोली हीन नाही, एवढंच सांगायचं होतं.

त्या काळी छत्तीसगढी बोलणाऱ्याला शहरात गावंढळ समजत. विदर्भातल्या वाचकांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

तिसरा नमुना : खाणकामगारांचा दवाखाना

भिलाईचं लोहखनिज यायचं दल्ली-राजहराच्या खाणींतून. तिथल्या कंत्राटी कामगारांची संघटना शंकर गुहा नियोगी यांनी बांधली. ते स्वतः आधी भिलाईच्या कारखान्यात काम करत. संघटनेतल्या एका कामगार नेत्या बाईंचा बाळंतपणात उपचारांअभावी मृत्यू झाला. तेव्हा कामगारांनी ठरवलं, दवाखाना आपणच काढायचा. स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी इमारत बांधली. १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल सुरू झालं. नियोगींची १९९१ मध्ये हत्या झाली, पण त्यांच्या माणसांनी उभा केलेला दवाखाना मागे राहिला.

आजकाल कंपन्या 'समाजासाठी काहीतरी' करतात, फोटो काढतात आणि मोबाईलवर टाकतात. वाईट काही नाही त्यात. पण दल्ली-राजहराची गोष्ट ऐकल्यावर कळतं, की आधी आपल्या शेजारच्याला काय कमी पडतंय ते विचारायचं असतं. फोटो नंतर.

हत्यारांची पूजा, कॉम्प्युटरची पूजा

आपण दसऱ्याला शस्त्रपूजा करतो. भिलाईत १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा मोठी. यंत्रं धुऊन-पुसून हार घालतात. छोट्या ऑफिसांतही त्या दिवशी कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा यांना कुंकू लागतं.

त्याआधी पावसाळ्यात हरेली येते. शेतकरी नांगर, कुदळ, फावडं धुऊन पूजतात आणि मुलं 'गेडी'वर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चिखलातून चालतात. गंमत म्हणजे हरेलीच्याच दिवशी आपल्याकडे दिव्यांची अवस असते. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांची ती श्रावण अमावास्या आणि आपली आषाढातली. एकाच दिवशी आपण दिवे घासतो, ते हत्यारं!

तंत्रज्ञानाची हवाही इथे आहे. २०१६ मध्ये भिलाईला आयआयटी मिळाली. कुटेलाभाठा इथला तिचा कायमचा परिसर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. पैशांच्या डिजिटल व्यवहारांवरचं एक संशोधन केंद्रही तिथे आहे. दुसरीकडे छत्तीसगढी गाणी आणि सिनेमा मोबाईलवर आले. १९६५ मध्ये 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट निघाला. मग पस्तीस वर्षांनी, राज्य झालं त्याच २००० साली 'मोर छँइहा भुँइया' खूप चालला आणि इथला सिनेमा पुन्हा उभा राहिला. आज एखाद्या गल्लीतला मुलगा मोबाईलवर गाणं चित्रित करून संध्याकाळपर्यंत लोकांसमोर आणतो.

मुलं राहतील की जातील?

खरा प्रश्न इथे येतो. दिग्दर्शक अनुराग बासू भिलाईत जन्मले आणि नाव मुंबईत झालं. गावाला अभिमान आहेच. पण प्रत्येक हुशार मुलाने नाव काढायला गाव सोडायलाच हवं का? कारखान्यात आता पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत, कामं यंत्रांकडे गेली. 'पोरगा प्लांटमध्ये लागला' हे वाक्य ज्या घरात सणासारखं साजरं व्हायचं, तिथे आता पुण्याच्या, बेंगळुरूच्या तिकिटाची चर्चा होते. आपल्या अमरावती, चंद्रपूर, नांदेडच्या घरांत तरी वेगळं काय आहे?

पद्मनाभपूरसारख्या वस्तीतल्या छोट्या ऑफिसांचं महत्त्व मला इथे वाटतं. तिथे काम करणारी मुलगी संध्याकाळी आईच्या हातचं जेवते. भाडं वाचतं. आपल्या भाषेत विचार करून त्याचे पैसे मिळतात. पण या ऑफिसांना कारखान्यासारखा पगार देता येत नाही, पेन्शन तर नाहीच. ग्राहकाने बिल थकवलं की पहिला फटका याच मुलांना बसतो. ऑफिसात कॅरम असला, वाढदिवसाला केक कापला, तरी पाच तारखेला पगार झाला नाही तर त्या संस्कृतीचा काय उपयोग?

म्हणून मोठी माणसं काय करू शकतात ते सांगते. आपल्या दुकानाचं, दवाखान्याचं, शाळेचं काम गावातल्या मुलांना द्या. 'ओळखीतलं आहे, फुकट करून दे' म्हणू नका. आणि पैसे वेळेवर द्या. तीजनबाईंना गाणं शिकवायला कारखान्याची गरज नव्हती. कारखान्याने दिला तो महिन्याचा भरवसा.

जायचं असेल तर

हिवाळा उत्तम. सकाळी मैत्रीबाग, मुलांसाठी. दुपारी शिवनाथ नदीचा काठ. दुसऱ्या दिवशी तासाभरावरच्या राजनांदगावला जा. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. एका घरात दोन भाषांचे दोन मोठे कवी! तिथे त्यांचं स्मारक आहे.

आणि पद्मनाभपुरातून जाताना एखाद्या घराखाली छोटी पाटी दिसली, आत कॉम्प्युटरसमोर वाकलेली डोकी दिसली, तर क्षणभर थांबा. कदाचित ती मुलं कुणाच्या लग्नाची पत्रिका करत असतील. कदाचित पुढचा चंदैनी गोंदा तिथेच शिजत असेल.