वेशीबाहेरचा वैद्य

आमची परळी वैजनाथाची. देवालाच वैद्य म्हणणारे गाव आमच्या बीड जिल्ह्यात आहे, याचा मला लहानपणी मोठा अभिमान वाटे. समुद्रमंथनानंतर देवांनी धन्वंतरीला आणि अमृताला या लिंगात दडवले. दैत्य हात लावायला गेले तेव्हा ज्वाळा उठल्या आणि भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरले, अशी कथा आजी सांगायची. म्हणून आमच्याकडे लिंगाला हात लावून दर्शन घ्यायचे. देवाला हात लावता येई. माझ्या थोरल्या चुलत्यांना, आबांना, मात्र कोणी लावत नसे.

आबांना महारोग होता. गोठ्याशेजारी त्यांची खोली, तांब्या वेगळा, ताट वेगळे. ते ताट नेण्याचे काम माझ्याकडे. उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे न बघता पळत सुटायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेला तीन औषधांचा उपचार पुढे आमच्याकडेही आला. गोळ्यांनी आबांची कातडी काळवंडली, पण रोग हटला. आता यांच्यापासून कोणाला काही होत नाही, घरात घ्या, असे डॉक्टर सांगून गेले. आबा बरे झाले आणि गोठ्याशेजारीच राहिले.

शाळेत आम्हाला नगरकडचे एक ख्रिस्ती मास्तर होते. एकदा धीर करून मी त्यांना विचारले, "मास्तर, तुमच्या येशूने हात लावून महारोगी बरा केला, ते खरं का हो?"

मास्तर हसले. म्हणाले, "खरं-खोटं मग बघू. हात कधी लावला, ते आधी बघ."

मार्कच्या शुभवर्तमानातल्या पहिल्याच अध्यायात ती कथा आहे. (तिथला रोग म्हणजे आपला महारोगच असे नाही, कातडीच्या कितीतरी विकारांना तेव्हा एकच नाव होते.) असल्या रोग्याने वस्तीबाहेर राहावे आणि 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडत चालावे, हे मोशेचे नियमशास्त्र. येशूने हात लावला तो रोगी बरा होण्याआधी. शताधिपतीचा चाकर त्याने दुरूनच, नुसत्या शब्दाने बरा केला होता. म्हणजे हाताची गरज औषधाला नव्हती. मग त्याने त्या माणसाला याजकाकडे धाडले, कारण याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय गाव त्याला आत घेणार नव्हते. कातडी बरी होणे हे अर्धेच काम.

"आता शेवट वाच," मास्तर म्हणाले. त्या माणसाने गावभर बोभाटा केला, आणि येशूलाच उघडपणे गावात शिरता येईना. तो बाहेर ओसाड जागी राहिला. आतला बाहेर गेला तेव्हा बाहेरचा आत आला. चमत्कार घडला की नाही, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. ही अदलाबदल मला मात्र तेव्हाच पटली. पटूनही मी ताट उंबऱ्यावरच ठेवीत होतो.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे आईने अंगणात दोन पाट मांडले. एक माझा. दुसऱ्यावर तिने आबांना आणून बसवले. आजी आतून ओरडत होती. आईने तेलाची वाटी घेतली आणि आबांच्या पाठीला तेल चोळायला सुरुवात केली. आबा पाठ आखडून बसले होते; मग त्यांचे खांदे हलू लागले. मी माझ्या पाटावर बसून होतो. मला थंडी वाजत होती, की लाज वाटत होती, कोण जाणे.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारणींनी आईच्या हातचा फराळ परत धाडला. पुढे संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचे एकही बोलावणे आले नाही. ती कोणाला काही बोलली नाही. परत आलेल्या डब्यातल्या करंज्या तिने आबांच्या ताटात वाढल्या, आणि ते ताट स्वयंपाकघरात माझ्या ताटाशेजारी मांडले.