आमच्या वाट्याचा दीड दिवस

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी.कॉम., वय पंचेचाळीस. घर लातूर जिल्ह्यात आणि नोकरी ओमान देशात. राजधानी मस्कतच्या रुवी भागात एका कंपनीच्या हिशेब खात्यात सहा वर्षे झाली. दर महिन्याच्या पगारातून खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे ठेवायचे, बाकी सगळे गावाकडे पाठवायचे. आखातात राहणाऱ्या प्रत्येकाचे खाते थोड्याफार फरकाने असेच असते.

शुक्रवार-शनिवार सुटी असते. पण आमची सुटी कधी आमची नव्हती. कुणाचा पासपोर्टचा अर्ज भरून द्या, कुणाच्या थकलेल्या पगाराचे पत्र लिहून द्या, कुणी परदेशात वारला तर त्याचे कागद करायला सोबत जा. गावाकडे समाजकार्य करीत होतो, ते इथेही सुटले नाही. उरलेल्या वेळात कपडे धुवायचे आणि झोपायचे.

आजवरचा प्रवास आठवून पाहिला. दीक्षाभूमीला गेलो, चैत्यभूमीला गेलो, सोयरिकीला गेलो, मयतीला गेलो, नोकरीसाठी तर समुद्र ओलांडून आलो. पण नुसते बघायला म्हणून कुठे गेलो? पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. आपल्या बहुतेक घरांत हेच उत्तर येईल.

या जानेवारीत आम्ही ठरवले, निझवा बघायचे. सोबत कुणी नाही, कुणाचे काम नाही. खोलीतला केरळचा सोबती म्हणाला, "भाई, निझव्यात आमच्या गावच्या माणसाचे चहाचे दुकान आहे. त्याच्या खोलीत रात्री अंग टाका." राहण्याचा खर्च मिटला आणि आमचा धीर वाढला.

गुरुवारी संध्याकाळी काम आटोपून बसमध्ये बसलो. मस्कत ते निझवा अंतर सुमारे एकशे साठ किलोमीटर. वाट हजर पर्वतातून जाते. अरबीत हजर म्हणजे दगड, आणि नाव अगदी खरे आहे. दोन्ही बाजूंना तपकिरी, उघडे डोंगर. झाड नाही, गवताची काडी नाही. समाईलच्या खिंडीतून रस्ता आत जातो. मग मध्येच खजुरीच्या झाडांचा हिरवा पट्टा दिसतो आणि पुन्हा दगड. तेव्हाच मनात आले, एवढ्या दगडात हे पाणी आणतात कुठून? आम्ही लातूरचे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा हंडा घेऊन रांगेत उभे राहिलो आहोत. पाण्याचा प्रश्न आम्हाला सुटत नाही.

शुक्रवारी दिवस उजाडताच चहावाल्याने उठवले. निझव्याचा शेळ्यांचा बाजार भल्या सकाळी भरतो आणि लवकर उठतो. किल्ल्याजवळच एक गोल ओटा आहे. त्याभोवती घेणाऱ्यांचे कडे. मधल्या वाटेने विकणारे आपापली शेरडे दाव्याने ओढीत फिरतात आणि मोठ्याने किंमत ओरडतात. पांढरे पायघोळ झगे घातलेले, डोक्याला रंगीत फेटा, कमरेला वाकडा खंजीर लावलेले म्हातारे. काही बाया तोंडावर मुखवट्यासारखा बुरखा बांधून बसलेल्या, पण शेळीची कास आणि दात तपासण्यात पुरुषांपुढे. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, शेजारच्याला कळत नाही. इथे सगळा भाव चारचौघांत.

ते बघताना आम्हाला आमची माय आठवली. माय मजुरीला जायची आणि घरी तीन-चार शेरडे पाळायची. आमच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची फी एका शेळीतून निघाली. ती विकून आली तेव्हा माय दावे हातात तसेच धरून दाराशी बसली होती. आज बाजारात एक बाई शेळी विकून रिकामे दावे गुंडाळीत होती. भाषा वेगळी, देश वेगळा, पण दावे गुंडाळायची तऱ्हा तीच. आम्ही बराच वेळ तिथेच उभे राहिलो.

नंतर किल्ला. तिकिटाची पाटी वाचली आणि कारकुनी सवयीने मनात गुणाकार झाला. एक रियाल म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या वर. खिडकीपाशी पाय अडखळला. "एवढ्यात घरी किती दिवसांचे दूध येईल?" मागे फिरलोही. चार पावले गेल्यावर स्वतःचाच राग आला. दुसऱ्याच्या हक्काचे अर्ज आम्ही भरतो, आणि स्वतःच्या एका तिकिटाला घाबरतो! परत येऊन तिकीट घेतले.

हा किल्ला सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ याने बांधला. बांधायला बारा वर्षे लागली असे सांगतात. प्रचंड गोल बुरूज, त्याचा खालचा भाग दगडमातीने भरून भरीव केलेला. वर जायची वाट अरुंद, वळणावळणाची. प्रत्येक दरवाज्याच्या वर भोके ठेवली आहेत. शत्रू आत शिरला की वरून खजुराचा उकळता पाक ओतायचा. तो पाक कुठून यायचा, तीही खोली पाहिली. खाली जमिनीत पन्हाळी काढलेल्या. वर खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनाने पाक गळतो आणि पन्हाळीतून भांड्यात जमा होतो. पाटीवर इमामाचे नाव होते. पोती वाहणाऱ्यांचे कुठे नव्हते. याच देशात गुलामीची प्रथा 1970 साली बंद झाली, म्हणजे आमच्या जन्माच्या काही वर्षे आधी. जुना किल्ला बघताना आपल्या माणसाने एवढा प्रश्न मनात विचारावा, असे आम्हाला वाटते.

बाहेर पडलो तर जुन्या बाजारात खजुराच्या दुकानात एक म्हातारेबुवा बसलेले. आम्हाला बघून म्हणाले, "हिंदी?" म्हणजे भारतातले का. आम्ही मान हलवली. त्यांनी हाताने बसायची खूण केली, पुढे खजूर आणि हलवा सरकवला, आणि बिनकानाच्या छोट्या कपात कहवा ओतला. कहवा म्हणजे वेलदोडा घातलेली कडू कॉफी. कप रिकामा झाला की ते पुन्हा भरीत. चौथ्या कपाला शेजारच्याने शिकवले, पुरे झाले की कप किंचित हलवून परत द्यायचा. जात नाही विचारली, पगार नाही विचारला. हलवा विकत घेतला तो मागाहून, आमच्या मनाने.

दुपारच्या नमाजानंतर शेअर टॅक्सीने फलज दारिस बघायला गेलो. आमच्या मनातल्या पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते.

फलज म्हणजे पाण्याचा पाट. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून पाणी लागले की तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढतात. उतार इतका बेताचा की पाणी आपल्या वजनाने वाहत येते. पंप नाही, वीज नाही. पहिल्या विहिरीला नावच आहे "फलजची आई". ओमानात असे सुमारे तीन हजार फलज आजही चालू आहेत. त्यांपैकी पाच 2006 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. फलज दारिस त्यांतला एक.

पाणी उघड्यावर येते ती पहिली जागा फक्त पिण्यासाठी. तिथे कुणीही येऊन प्यावे, पण त्याच्या वर कुणी हात-पाय धुवायचे नाहीत. पुढे मशिदीचे पाणी, अंघोळीच्या जागा, आणि मग शेती. शेतीचे पाणी वेळेवर वाटतात. अर्ध्या तासाच्या पाळीला "अथर" म्हणतात. पूर्वी दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे बघून पाळी बदलायची. फलजचा कारभार बघणारा वकील, पाळ्या बघणारा आरिफ, जादा पाण्याचा लिलाव पुकारणारा दलाल, आणि हिशेब ठेवणारा अमीन-अद्-दफ्तर. वकील, दलाल, दफ्तर, हिशेब! आमच्या कचेरीतले निम्मे शब्द अरबीतून आलेले, ते इथे पाण्याच्या काठी भेटले. पाण्यालाही एक कारकून लागतो हे कळून छाती थोडी फुगली.

सगळेच आदर्श आहे असे नाही. पाळ्या मालकीच्या असतात. ज्याची पाळी नाही, त्याने लिलावात पैसे मोजायचे. पण पिण्याचे पाणी पहिले आणि सर्वांना, हा नियम या दगडात पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. आमच्या लहानपणी गावाची विहीर वेगळी आणि वस्तीची वेगळी होती. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर साठ वर्षांनीही. म्हणून त्या पाटाशी आम्ही वाकलो आणि ओंजळभर पाणी घेतले. आजूबाजूला लोक डबे उघडून बसले होते, पोरे पाटात पाय सोडून ओरडत होती. आमच्याकडे कुणी पाहिलेही नाही. तेच फार बरे वाटले.

मग बूट काढून पोरांसारखे पाण्यात पाय सोडून तासभर बसलो. काही केले नाही. आणि तिथे बसल्या बसल्या पगारी रजेची आठवण झाली. 1945 साली आपल्या देशात कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी रजेची तरतूद झाली, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. भाषणांत आम्ही हे कितीदा सांगितले असेल! पण कामगाराला रजा कशाला हवी? नुसते दुखणे आणि लग्नकार्य काढायला? त्याच्या जिवालाही काही बघायचे असते, गप्प बसायचे असते. ते आम्हाला आज पाण्यात पाय सोडल्यावर कळले.

रात्री घरी फोन केला. जयभीम झाला आणि आम्ही आधी खर्चच सांगू लागलो. बस, टॅक्सी, तिकीट, जेवण, हलवा मिळून पंधरा रियाल, म्हणजे सुमारे साडेतीन हजार रुपये. घरच्या म्हणाल्या, "अहो, पैशाचं राहू द्या. काय काय बघितलं ते सांगा." आम्ही शेळ्या सांगितल्या, पाक सांगितला, पाट सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही एक दिवस द्या. खरोशाची लेणी इथून तासाभरावर. लग्नाला वीस वर्षं झाली, अजून पाहिली नाहीत. पोरं नकोत, डबा नको, कुणी सोबत नको."

वाचकहो, खरे सांगतो, आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "एकटी?" दुपारी स्वतःच्या हक्कावर मनातल्या मनात व्याख्यान देणारा माणूस रात्री हा प्रश्न विचारतो! पलीकडे शांतता. आम्हाला पाटातले पाणी आठवले. आम्ही परदेशी राबतो असे सगळे म्हणतात. पण आमचे म्हातारे वडील, दोन लेकरे, रोजचे पाणी आणि महिला मंडळ हे सगळे तिकडे एक बाई वीस वर्षे सांभाळते आहे. तिच्या नावावर अर्ध्या तासाची पाळीसुद्धा आम्ही कधी लिहिली नव्हती.

"जा," आम्ही म्हणालो. "दादांना आणि पोरांना त्या दिवशी शेजारी जेवायला सांगा."

"शेजारी कशाला? पोरं मोठी झाली, भात लावतील," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळच्या बसने परत आलो. दुपारी नेहमीप्रमाणे एकजण अर्ज घेऊन दाराशी उभा होता. भरून दिला. पण महिन्यातला एक शुक्रवार आता आम्ही वहीत आमच्या नावे लिहून ठेवला आहे, आणि शेजारच्या रकान्यात घरच्यांचा एक रविवार. फेब्रुवारीत त्या खरोशाला जाऊन आल्या. काय पाहिले ते त्यांनी फोनवर पाऊण तास सांगितले. खर्च सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही.

तुमच्याही घरात कुणाची पाळी राहून गेली आहे का, तेवढे एकदा बघा.

सप्रेम जयभीम.