काजळीचा खर्च

काजळीला आम्ही विकत घेतलं नव्हतं. सासूबाईंनी वाडीतल्या एका घरी आपली एक तलंग कोंबडी अर्धेलीने पाळायला दिली होती. तिच्या पिल्लांतला आमचा वाटा म्हणून ती डालग्यातून आली. अंगाने काळी, मानेवर तांबूस झाक, डाव्या पायाचं मधलं नख अर्धं तुटलेलं. त्या अर्ध्या नखाने तिने कुडाळजवळच्या आमच्या परसाचा एकेक कोपरा उकरून काढला. नारळाच्या आळ्यात साठवलेला पाला ती रोज विस्कटायची आणि सासरे रोज तो पुन्हा आळ्यात लोटायचे. दोघांचीही तक्रार नसे.

मी घाटावरून आलेली सून. माहेरी कोंबड्या म्हणजे पत्र्याची शेड, दिव्यांच्या रांगा आणि कोपऱ्यात थप्पीने लावलेली खाद्याची पोती. तिथे अंड्याच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे इथे आल्यावर मी वही घातली. गावठी कोंबडी अंगाने हलकी, तरी पोटभर घालायचं म्हटलं तर दिवसाला ७५ ग्रॅम खाद्य लागतंच. म्हणजे वर्षाला सत्तावीस किलोंच्या वर. दुकानातलं अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य किलोला ३५ रुपये धरलं तर साधारण ९५० रुपये. आणि ती देणार काय? वर्षाला साठ ते ऐंशी अंडी. सत्तर धरा, पंधरा रुपयांना एक, म्हणजे १०५० रुपये. उरले शंभर! त्यातून मुंगूस, घार आणि मानमोडी यांचा वाटा काढायचा.

ही आकडेमोड मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि संध्याकाळी मला खुराड्याजवळ बोलावलं. कोंबड्या आत शिरत होत्या. सासूबाई प्रत्येकीला दारातच धरत, गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी चाचपत आणि सोडून देत. काजळीला माझ्या हातात दिलं. तिची पिशवी टम्म होती, आत काहीतरी खडबडीत लागत होतं. "आधी गळो चाचप गो. भरलेलो आसा तर दाणो कित्याक?"

त्या दिवसापासून दाणा गळा चाचपून पडायला लागला. सकाळी काहीच नाही. उपाशी सुटलेली कोंबडी लांब जाते, उकरते, शोधते. दारात दाणे मिळाले की दारातच बसते. संध्याकाळी ज्यांची पिशवी रिकामी त्यांना मूठभर कणी, त्यात थोडा कोंडा. संध्याकाळच्या त्या मुठीमुळे सगळ्या वेळेवर घरी येत, हा वेगळा फायदा. काजळीच्या वाट्याला ती मूठ फार कमी वेळा आली. तरीही ती रांगेत उभी राही, हे सांगायला हवं. अभिमान वगैरे तिला नव्हता.

कण्याकोंड्याने पोट भरतं, पण अंड्याला ते पुरत नाही. त्याची सोय सासूबाईंकडे दुकानाशिवाय होती. फुटक्या मडक्यात ओलं शेण, काटक्या, गोणपाटाचा तुकडा कोंबून ते कुंपणाकडे पालथं घालायचं. वाळवी लागली की पिल्लांपुढे झटकायचं. सोलकढीसाठी दूध काढून उरलेला नारळाचा चोथा, जवळ्याच्या डब्याच्या तळाचा चुरा, तोही कोंबड्यांचाच. खाऱ्या मासळीची डोकी मात्र दोन पाण्यांतून काढल्याशिवाय त्या देत नसत. मीठ जास्त झालं की कोंबडी पाणी पिऊन पिऊन मलूल होते. कवच पातळ यायला लागलं की तिसऱ्यांच्या शिंपल्या उखळात कुटायच्या. चुन्यासाठी दुकानात जायचं कारण नाही; मालवणी घरात शिंपल्यांचा कधी तोटा पडला आहे? अंड्यांची टरफलंही चालत, पण ओळखू न येतील इतकी बारीक करून. नाहीतर कोंबडीला स्वतःचं अंडं फोडून खायची चटक लागते.

मधे घरात सुधारित जातीची पिल्लं आली. ह्यांनी हौसेने आणली होती. वाढली झपाट्याने, अंडीही गावठीच्या दीडपट द्यायला लागली. पण ती थाळीभोवती बसून राहायची, सरकारी कचेरीत साहेबाची वाट पाहणाऱ्या माणसांसारखी. अंग जड, त्यामुळे फणसाच्या फांदीवर उडता येईना, आणि मुंगसाने त्यांतली बरीच नेली. मी त्या कोंबड्यांना नावं ठेवणार नाही. ज्याच्याकडे कुंपण आहे, स्वस्त मका आहे आणि अंडी विकायला गिऱ्हाईक आहे, त्याने त्या जरूर पाळाव्यात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

काजळीचा खरा खर्च व्हायचा तो जूनमध्ये. वाडीत भाताचा तरवा पेरला की कोंबड्या डांबून ठेवायच्या, हा न लिहिलेला कायदा. अंकुरलेल्या भातात एक कोंबडी शिरली तर शेजाऱ्याचं अख्खं वाफाभर बियाणं उधळते आणि मग वर्षभराचं बोलणं बंद. त्या दिवसांत आयतं खाणं द्यावंच लागे. पावसात मोठं पोतं घेऊन उपयोग नसतो. ओल धरून त्याचे गोळे होतात, आणि बुरशी आलेलं खाद्य द्यायचं नाही, कितीही जीव हळहळला तरी. म्हणून पाच-पाच किलोच आणायचं. २०२१च्या पावसाळ्यात सोयापेंडीचे भाव असे भडकले की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. त्या पावसाळ्यात दुकानदार खाद्याचा भाव सांगताना माझ्याकडे बघतही नव्हता. काजळी डालग्याच्या फटीतून मान काढून बाहेरच्या गवताकडे बघत होती. दिवाळीच्या आसपास भात झोडून झालं की मात्र खळ्यावर, मळ्यात सांडलेल्या दाण्यांवर तिची चैन असे. तेव्हा माझ्या वहीत 'कोंबड्या' या नावापुढे महिनाभर रेघ.

खुडूक बसायची ती वर्षातून दोनदा. अंडी बुडतात म्हणून कोणी खुडूक मोडतात, पाण्यात बुडवतात. सासूबाई मोडू देत नसत. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच उठायची, थोडं खाऊन पुन्हा बसायची. पिल्लं निघाली की त्यांना कुठलं पान उलटायचं हे स्वतः शिकवायची. घारेची सावली पडली की एका आवाजात सगळी पंखांखाली. तिच्या हाताखाली वाढलेली पिल्लं आम्हाला फुकटात पडली आणि त्यांतले कोंबडे देवाला राखण द्यायच्या दिवसांत चांगल्या पैशाला गेले. पंधरा रुपयांची अंडी धरून केलेल्या माझ्या हिशेबात हे बसतच नव्हतं.

पुढे तिची अंडी कमी होत गेली आणि मग थांबली. म्हातारी कोंबडी पोसायची का, हा प्रश्न खाद्य विकत आणणाऱ्या घरात पडतो. ह्यांनी एकदा विचारून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "ती काय तुझा खाता?" आणि विषय संपला. काजळी एका मे महिन्यात खुराड्यात सकाळी उठलीच नाही. आळ्याच्या कडेला तिला पुरलं.

आता खुराडं माझ्याकडे आहे आणि वहीही चालू आहे. काजळीच्या वंशातल्या पाच-सहाजणी आहेत. गेल्या वर्षी विकतचं खाद्य आलं ते फक्त तरव्याच्या दिवसांत. कुणाला परसात चार कोंबड्या ठेवायच्या असतील तर खुडूक बसणारी गावठी कोंबडी शोधा, संध्याकाळी गळा चाचपल्याशिवाय दाणा टाकू नका आणि शेजाऱ्याचा तरवा वर येईपर्यंत तिला डालग्याखाली ठेवा.