गोमा : काळ्या दगडावरील नगर

कांगो देशाच्या पूर्व सीमेवर, किवू सरोवराच्या उत्तर काठी, गोमा नावाचे मोठे शहर आहे. तेथील घरांचे पाये काळ्या दगडाचे, कुंपणे काळ्या दगडाची. हा दगड दुरून आणावा लागत नाही. शहरच त्यावर वसले आहे. उत्तरेस न्यिरागोंगो हा सुमारे 3,470 मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी उभा आहे. ज्या वाचकांनी सह्याद्रीचा काळा पत्थर फोडला आहे, त्यांना हा दगड परका वाटणार नाही. सह्याद्रीचा पत्थरही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हाच होय.

हा पर्वत येथेच का उभा राहिला? पूर्व आफ्रिकेची भूमी फार काळापासून दोन बाजूंना ओढली जात आहे. ही ओढ वर्षाकाठी अवघ्या काही मिलिमीटरांची. आपली नखे याहून वेगाने वाढतात. परंतु लक्षावधी वर्षांत तेवढ्यानेही भूकवच ताणले जाऊन पातळ होते, मधला पट्टा खाली बसतो आणि खचदरी तयार होते. आल्बर्ट, एडवर्ड, किवू, टांगानिका ही सरोवरे अशाच दरीत साठलेली आहेत. त्यांतील टांगानिका तर सुमारे 1,470 मीटर खोल आहे. कवच पातळ झाले, की खालच्या तप्त रसाला वर येण्यास वाट मिळते. विरुंगा पर्वतातील आठ ज्वालामुखींनी तर दरीच्या आडवा बांधच घातला. पूर्वी येथील पाणी उत्तरेस, नाईलच्या दिशेने जात असे. आता ते दक्षिणेकडे रुझिझी नदीने टांगानिकात आणि पुढे कांगो नदीस मिळते.

17 जानेवारी 2002 रोजी न्यिरागोंगोची दक्षिण कूस फाटली. भेगा शहराच्या दिशेने उघडत गेल्या आणि लाव्हाचा लोंढा भर वस्तीतून सरोवरात उतरला. संत योसेफाचे कॅथेड्रल त्यात उद्ध्वस्त झाले. सुमारे सव्वा लाख माणसे बेघर झाली, लाखोंनी सीमेपलीकडे रवांडात धाव घेतली. नंतर सरोवराकाठची जमीनही खचलेली आढळली. भूमीच्या ताणामुळेच पर्वत फुटला असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले. तरीही दगड पुरता निवाला नव्हता, तोच माणसे परतू लागली! आपण त्यांना अविचारी म्हणू नये. घर, शेत, बाजार सारे तेथेच. आणि जुन्या लाव्हाची माती झाली, की तीत बटाटा, घेवडा, केळी उत्तम पिकतात.

पण ताज्या लाव्हात कुदळ शिरत नाही. 1994 साली रवांडातील वंशसंहारानंतर लक्षावधी निर्वासित येथे आले व पटकीने हजारोंनी मेले. तेव्हा कबरी खणणेही दुष्कर झाले होते.

दुसरे संकट दिसतही नाही. सखल खळग्यांत जमिनीतून निघणारा जड कर्बवायू साचतो. स्थानिक लोक त्यास ‘माझुकू’ म्हणतात. त्यात शिरलेली जनावरे आणि कधी लहान मुलेही गुदमरून मरतात. सरोवराच्या तळाशीही असाच वायू आणि मिथेन विपुल विरघळलेला आहे. रवांडाच्या काठावर त्या मिथेनवर वीज तयार केली जाते.

22 मे 2021 रोजी पर्वत पुन्हा फुटला. या वेळी लाव्हा शहराच्या वेशीवर थांबला. जानेवारी 2025 मध्ये शहर बंडखोरांच्या हाती गेले; ते दुःख वेगळे. डोंगराकडील गावांतून मात्र ‘चुकुडू’ नावाच्या लाकडी दुचाकी गाड्यांवर बटाट्यांची पोती लादून माणसे त्याच काळ्या दगडावरून बाजाराला उतरतात.