कुंभार्लीचा घाट आणि उपाशी बॅटरी

कऱ्हाडाहून चिपळुणास जावयाचे म्हणजे सुमारे १०० किलोमीटरांचा रस्ता. त्यातील बराचसा भाग कोयनेच्या खोऱ्यातून इतक्या सौम्यपणे चढतो की, हेळवाक मागे पडल्यावर आपण सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आलो आहो हे प्रवाशास एकाएकी कळते. तेथून कुंभार्लीचा घाट खाली कोकणात उतरतो. एस. टी.च्या खिडकीतून हा मार्ग आम्ही पुष्कळदा पाहिला होता. गेल्या मार्गशीर्षात मात्र आमच्या दिवंगत बंधूंच्या मोटारसायकलवर, पुतण्याच्या पाठीमागे बसून तो पाहण्याचा योग आला.

गाडी १९९६ सालची, लाथ मारून सुरू करावयाची. बंधूंनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली. त्यांच्या पश्चात मात्र वर्षभरात तिला तीन बॅटऱ्या लागल्या. पुतण्या चिपळुणास असतो. गाडी कशीबशी तेथवर न्यावी आणि भंगारात द्यावी, असे त्याने ठरविले होते. "काका, ही हिची शेवटची फेरी," असे तो निघतानाच म्हणाला. आम्ही काही बोललो नाही.

पाटणच्या अलीकडे हॉर्नचा आवाज बसला, दिवा पिवळा पडला आणि इंजिन आचके देऊ लागले. या जातीच्या जुन्या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीजही बॅटरीतूनच येते. म्हणजे बॅटरी गेली की दिवा आणि चाल दोन्ही जाणार, आणि पुढे तर घाट! दुपारचे तीन वाजून गेले होते. पाटणास एका लहानशा गॅरेजात गाडी लोटीत नेली. पुतण्या म्हणाला, "नवीन बॅटरी टाका." मिस्त्री पन्नाशीचा, शांत मनुष्य. त्याने प्रथम मीटर काढला.

इंजिन बंद असता बॅटरीचा दाब ११.८ व्होल्ट भरला. बारा व्होल्टांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हा आकडा १२.६ च्या आसपास असावयाचा; बाराच्या खाली उतरला की ती जवळजवळ रिकामी समजावी. नंतर इंजिन सुरू करून त्याने गती वाढविली. निरोगी गाडीत अशा वेळी आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढतो, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असे जाणावे. येथे तो ११.७ वरून हलेना. मिस्त्री हसून म्हणाला, "गुरुजी, बॅटरीला काय बी झालं न्हाई. तिला खायालाच मिळंना."

त्या एका वाक्यात वर्षभराच्या खर्चाचा उलगडा झाला. नवी बॅटरी दुकानातून भरूनच येते, म्हणून काही दिवस गाडी उत्तम चाले आणि बॅटरीचाच दोष होता अशी खात्री पटे. आमच्या शास्त्रकारांनी यास काकतालीय न्याय म्हटले आहे: कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ! पुढे तीही रिकामी होई. आणि रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली म्हणजे आतील शिशाच्या पट्ट्यांवर क्षार धरून ती खरोखरच निकामी होते. पहिल्या दोन बॅटऱ्या दोषी नव्हत्या. त्या उपासमारीने मेल्या.

मग मिस्त्रीने फ्यूज पाहिला, बॅटरीची टोके पाहिली; दोन्ही ठीक. वीज उत्पन्न करणाऱ्या कॉइलच्या तारा सोडवून त्याने इंजिनाची गती वाढविली, तो आकडा झरझर चढला. अर्थात उत्पत्तीत न्यून नव्हते. राहिला रेग्युलेटर. या गाडीत त्याच्या विजेची परतवाट त्याच्या धातूच्या अंगातून आणि गाडीच्या सांगाड्यातून जाते. मीटरची एक तार रेग्युलेटरच्या अंगास व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकास लावली. इंजिन चालू असता येथे जवळजवळ शून्य दिसावे. दिसले दोनाहून अधिक. त्याने तारेचा एक तुकडा त्या दोन जागांमध्ये जोडला, तो बॅटरीचा आकडा १३.४ झाला व वर सरकू लागला. तुकडा काढला, पुन्हा खाली! असता असणे आणि नसता नसणे, हा अन्वय-व्यतिरेक आम्ही तीस वर्षे फळ्यावर शिकविला. तो इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहिला असेल.

रेग्युलेटरचा बोल्ट काढला तो खाली गंजाचा जाड पापुद्रा. कोयनेकाठचा पाऊस ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचे नवल वाटू नये. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून मिस्त्रीने तो सांधा पॉलिश कागदाने लखलखीत घासला, घट्ट आवळला, वर व्हॅसलीन चोपडले. बॅटरीत पाणी कमी होते, तेथे डिस्टिल्ड वॉटर घातले. भर घालताना आम्ल घालावयाचे नसते, हे त्याने पुतण्यास दोनदा बजावले. नव्या बॅटरीच्या मानाने मजुरी अगदीच किरकोळ झाली.

हेळवाकजवळ कोयना जवळजवळ काटकोनात पूर्वेस वळते. उजवीकडचा फाटा कोयनानगरास व धरणास जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे मोठा भूकंप झाला. धरणास भेगा गेल्या, पण ते उभे राहिले. पूर्वेस वाहणाऱ्या या नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवून, सह्याद्रीच्या पोटातून खाली सोडून, पोफळीस भूमिगत विजेची उत्पत्ती करतात. सर्व टप्पे मिळून ती शक्ती सुमारे १,९६० मेगावॅट आहे. तेथे पाण्याने फिरणारे प्रचंड चुंबकचक्र आणि आमच्या इंजिनाच्या कुशीतील वीतभरही नसलेले चक्र यांचे तत्त्व एकच, ही गोष्ट पुतण्यास सांगितली तेव्हा तो प्रथमच गाडी थांबवून ऐकू लागला.

घाटमाथ्यावर सूर्य बुडाला. मिस्त्रीचे सांगणे होते की, उतारावर इंजिन मंद ठेवू नये. मंद गतीत उत्पत्ती थोडी आणि दिव्याचा खर्च तीनएक अँपिअरचा, तेव्हा शिल्लक सरत जाते. म्हणून खालच्या गिअरमध्ये, ब्रेक जपून वापरीत उतरलो. वळणावळणावर दिव्याचा झोत दरडीवर पांढरा पडत होता, आणि खाली पोफळीचे दिवे दिसू लागले होते. कोकणची ऊबदार, ओली हवा अंगास लागली. शिरगाव येईपर्यंत दोघांपैकी कोणी काही बोलले नाही.

चिपळुणास रात्री पुतण्याने बॅटरी काढून चार्जरास लावली. नऊ अँपिअर-तासांच्या बॅटरीस एका अँपिअरहून कमी प्रवाह, रात्रभर. सकाळी काढून तासदोन तास ठेवल्यावर तिचा आकडा १२.६ भरला. भंगारवाला दहाच्या सुमारास आला. पुतण्याने त्यास पहिल्या दोन बॅटऱ्या दिल्या, आणि गाडी पुसावयास घेतली.